सासू डावी, नणंद उजवी

“समुद्राजवळच्या गावात, जुन्या धाटणीचं, ओळीतलं दुमजली घर विकणे आहे. लाकडी जिना, दगडी उंबरा, वरच्या खिडकीतून थेट पाणी दिसतं...” किल्लीवाला वाचता वाचता थांबला. “काय झालं काकू? तोंड का वाकडं?”

“पिवळा रंग लिहिला नाहीत.”

“मुद्दामच नाही लिहिला. गिऱ्हाईकाला घर दाखवायचंय, कावीळ नाही.”

किल्लीवाला म्हणजे घरांचा दलाल. विकाऊ घरांच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला लटकलेला असे. तो गल्लीच्या तोंडाशी आला की आतल्या बाया म्हणायच्या, बघा, घंटा बांधलेला बैल आला.

“वरचा मजला समुद्राच्या बाजूनं पिवळा आहे, आणि घेणाऱ्यानं तो पिवळाच ठेवायचा आहे,” काकू म्हणाली. “असं लिहा.”

“अहो, असली अट घालून कुणी घर विकतं का? मुलगी सासरी पाठवताना सांगता का, की हिला रोज हीच साडी नेसवा म्हणून?”

“मुलीला तोंड असतं. तिचं ती सांगते. भिंतीला कुठलं आलंय तोंड?”

किल्लीवाल्यानं कागदाची घडी खिशात घातली. आजवर तीन गिऱ्हाइकं आली होती. तिघांनी जिन्यावर पाय आपटून पाहिला, भिंतीला ओल आलेल्या जागी बोट लावलं, खिडकीतून समुद्र बघून ‘वा’ म्हटलं. मग काकूनं अट सांगितली आणि तिघंही हसून निघून गेली होती.

सात घरांची ती ओळ. बर्फाच्या कारखान्याच्या मालकानं शंभरावर वर्षांपूर्वी कामगारांसाठी बांधलेली. घराला घर चिकटलेलं, दोन घरांत मिळून एक भिंत. ह्या घरात खिळा ठोकला की त्या घरातलं कॅलेंडर पडायचं, आणि त्या घरात कुणी खोकलं की ह्या घरातून ‘पाणी पी’ अशी हाक जायची. कारखाना कधीच बंद पडला. मागच्या टेकाडावर त्याचं विटांचं धुराडं तेवढं उरलं होतं, एकटं, उंच, पाहुणे गेल्यावर दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखं.

सातांतली सहा घरं पांढरी. मधलं, चौथं, पिवळं.

काकू लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा हेही पांढरंच होतं. नवरा आणि धाकटा दीर होडीवर जायचे. किनाऱ्याजवळ पाण्यात दोन खडक होते, भरतीला बुडणारे, ओहोटीला दात दाखवणारे. गावानं त्यांची नावं ठेवली होती सासू आणि नणंद. दोघींच्या मधून होडी घालायची. ज्याला ते जमलं त्याला संसार जमला, असं म्हातारे म्हणायचे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका धुरकट संध्याकाळी दोघे भाऊ चुकले. सात सारख्या पांढऱ्या घरांतलं मधलं कुठलं, तेच कळेना. होडीची एक बाजू नणंदेनं खरवडून काढली. दोघे घरी आले ते ओले, गप्प, आणि नव्या नवरीनं भाताचं पातेलं तिसऱ्यांदा गरम केलेलं.

दुसऱ्या दिवशी होडीला लावून उरलेला पिवळा रंग नवऱ्यानं घराच्या वरच्या मजल्याला फासला. सासूबाई म्हणाल्या, गाव हसेल. गाव हसलं. महिनाभरानं सगळ्या होड्या त्याच पिवळ्यावर नजर ठेवून आत यायला लागल्या. वरचं पिवळं बरोबर धुराड्याच्या खाली आलं की होडी वळवायची. मग त्याचं गाणंही झालं. कुणी केलं ते कुणालाच ठाऊक नाही.

सासू डावी, नणंद उजवी,
पिवळ्या भिंतीवर नजर असावी.
धुराडं भिंतीच्या डोईवर आलं,
म्हणावं मनाला, घर आपलं झालं.

माणूस हाकेच्या पलीकडे गेलं की त्याला रंगानं हाक मारायची, हे काकू तेव्हा शिकली. दर वर्षी पाऊस सरला की ती भिंत पुन्हा पिवळी करायची. आधी नवऱ्याबरोबर. मग, खोकल्यानं नवरा नेला तेव्हापासून, एकटी. समुद्रानं ज्याला चाळीस वर्षं सोडलं त्याला घरच्या खाटेनं सोडलं नाही. गुडघे बोलायला लागल्यावर तिनं शिडी रंगाऱ्याच्या हाती दिली. पण रंग झाला की धक्क्यावर जाऊन दिराला विचारायची ती मात्र स्वतःच.

“दिसतंय का भावजी?”

“लांबून दिसतंय वहिनी. पिवळं धम्मक.”

गावात तिला नाव पडलं पिवळी काकू. ती आयुष्यात पिवळी साडी नेसली नव्हती.

आता तरण्या पोरांच्या होड्यांवर वाट दाखवणारी यंत्रं आली होती. भावजींच्या स्वतःच्या मुलाच्या होडीवरही होतं. गाणं आता लहान मुलं दोरीवरच्या उड्या मारताना म्हणायची. भिंतीकडे बघून आत येणारी एकच होडी उरली, भावजींची, सहासष्ट वर्षांच्या माणसाची आणि जवळपास तेवढ्याच वयाची. म्हणून तर काकूचा पाय घरातून निघत नव्हता. लेक चार वर्षं बोलावत होती. हो म्हणता म्हणता काकूनं ती अट शोधून काढली होती. कुणी मान्य करणार नाही अशी अट म्हणजे नकारच. फक्त त्याला कुलूप नसतं, कडी असते.

“आई, तू मला हो म्हणतेस आणि घराला नाही म्हणतेस,” लेक फोनवर म्हणाली होती. “सातवा महिना लागलाय मला. तू येणार म्हणून खोली रिकामी ठेवलीय. तिच्यात आता आम्ही कांदे ठेवतोय.”

“कांदे चांगले टिकतात का?”

“आई!”

त्या मंगळवारी काकू गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली. ह्याच दवाखान्याच्या शिवणखोलीत तिनं एकतीस वर्षं काढली होती. चादरी, अभ्रे, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतलं हिरवं कापड. गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी तिच्या टाक्यांवर झोपलं होतं. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि म्हणाले, “जिना सोडा.” काकू म्हणाली, “मी सोडते, तो सोडत नाही.”

अकराच्या सुमारास ती गल्लीत वळली आणि थबकली. घराला शिडी लावलेली. शिडीवर रंगारी. आणि खिडकीच्या वरचं सगळं पांढरं.

“अरे! काय केलंस हे?”

“काय म्हणजे?” रंगाऱ्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. “किल्लीवाले म्हणाले, काकू तयार झाल्या. फोटो काढायचेत म्हणे, घर उजळ दिसायला हवं. मलाही नवल वाटलं. पण म्हटलं, माणसाचं मन आहे.”

“मला न विचारता?”

“तुमच्या लेकीला विचारलं म्हणाले.”

काकूनं तिथंच उभ्याउभ्या फोन लावला.

“मीच हो म्हटलं त्यांना,” लेक म्हणाली. आवाज आधी ताठ होता, मग मऊ झाला. “रागाव माझ्यावर. पण आई, किती दिवस भिंत धरून बसशील?”

“काका समुद्रावर आहेत तुझे,” काकू म्हणाली. लेक ह्याच घरातली. तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

काकूनं समुद्राकडे पाहिलं. सकाळी लख्ख असलेलं पाणी आता धुरकटलं होतं. आकाश कुठं संपतं आणि पाणी कुठं लागतं ते कळत नव्हतं. पहाटे गेलेली होडी तीनच्या आत परत यायची. तेव्हा ओहोटी. सासू आणि नणंद दोघींचे दात बाहेर.

“पुन्हा पिवळा मार.”

“अहो काकू, रंग वरून खाली येतो. वरचं झालंय सगळं, आणि ओलं आहे. ओल्यावर पिवळा लावला तर कढी होईल त्याची. आणि पिवळा आणू कुठून? त्याचं दुकान पलीकडच्या गावात. जाऊन येईतो चार वाजतील.”

“चारला काय उपयोग!”

रंगाऱ्यानंही समुद्राकडे पाहिलं. पाच वर्षं तो ही भिंत पिवळी करत होता, कशासाठी ते त्याला माहीत होतं. सकाळपासून विसरला होता ते आत्ता आठवलं. तो शिडीवरून भराभर उतरला. “पिवळं कापड आहे का घरात? चादर, पडदा, काहीही?”

पिवळ्या काकूच्या घरात पिवळं काहीच नव्हतं. तेरा पायऱ्यांचा जिना ती त्या दिवशी हातांनी चढली, एकेक पायरी धरून. वरच्या ट्रंकेत तळाशी एक गाठोडं होतं. नोकरी सुटताना शिवणखोलीनं तिला उरलेल्या हिरव्या कापडाचे तुकडे दिले होते. तुकड्याला तुकडा जोडून तिनं त्यांची भली मोठी चादर केली होती. घरात तिला पुरेल एवढा पलंगच नव्हता, म्हणून ती तशीच घडीत राहिली.

“हे तर हिरवं आहे,” काकूनं खिडकीतून चादर खाली सोडली तेव्हा शिडीवरून रंगारी म्हणाला.

“सहा पांढऱ्यांत एक वेगळं दिसलं म्हणजे झालं. ओढ तिकडून. खिळा ठोक.”

“शेजारचं कॅलेंडर पडेल.”

“पडू दे. तारीख मी सांगते त्यांना.”

चादर भिंतीभर पसरली. रंगारी रस्त्यात जाऊन, मान तिरकी करून बघून आला. “दवाखाना उघडल्यासारखं दिसतंय.”

काकू हसली नाही. ती जिना उतरली आणि गुडघ्याला शिव्या देत धक्क्याच्या वाटेला लागली.

धक्क्यावर ती दोन तास बसली. धुक्यातून काही बाहेर येईना. तिनं तोंडातल्या तोंडात ते गाणं म्हणून पाहिलं, पण ‘पिवळ्या भिंतीवर’ आलं की जीभ अडखळायची. हिरवं दिसून त्याला वाटलं, हे आपलं नव्हे, तर? त्यानं दुसऱ्याच कुठल्या घराची रेघ धरली, तर? नवऱ्याचा हा भाऊ ती आली तेव्हा अर्ध्या मिशांचा पोरगा होता. तिच्या हातच्या पहिल्या करपलेल्या भाकरीला त्यानं ‘खमंग’ म्हटलं होतं.

मग इंजिनाचा आवाज आला. तो जवळ आला आणि खडकांच्या पलीकडे बंद झाला. गेली तीन वर्षं भावजी तिथं आले की इंजिन बंद करून वल्ही घ्यायचे, आणि काकू त्यांना डिझेलसाठी कंजूष म्हणायची. आता धुक्यातून होडीचं नाक बाहेर आलं. सुईच्या नाकातून दोरा निघावा तशी होडी दोघींच्या मधून सरळ निघाली.

“वहिनी? तू इथं?” तिनं ‘भावजी’ म्हटल्यावर दीर म्हणाला. “गुडघा काय म्हणतो?”

“त्याचं राहू द्या. आज घर सापडलं ना?”

“न सापडायला काय झालं?” दोर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला. “लांबून दिसत होतं. पिवळं धम्मक.”

त्यानं टोपली उचलली, पायानं पायरी चाचपली, एक, दोन, तीन, असं ओठ हलवत वर आला. ओठ हलताना तिनं आधीही पाहिले होते. तिला वाटायचं, देवाचं नाव घेतो.

“भावजी,” ती म्हणाली, “आज वर हिरवं होतं.”

तो थांबला.

“दवाखान्याचं कापड. पिवळं सकाळीच पांढऱ्याखाली गेलं.”

टोपलीतला एक मासा उडाला आणि पडला. दिरानं टोपली खाली ठेवली आणि तिच्याशेजारी दगडावर बसला.

“कसं दिसत होतं हिरवं?”

“रंगारी म्हणाला, दवाखाना उघडल्यासारखं.”

आधी तो हसला. मग तिलाही हसू आलं, आणि ते आवरेना. पदरानं डोळे पुसायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, “कधीपासून?”

“तीन वर्षं होतील. आधी कडेनं गेलं, मग मधलंही. आता तुझं तोंडसुद्धा तू बोललीस की दिसतं.”

“आणि आत कसे येता हो? जीव जायचा एखाद्या दिवशी!”

“सासू गुरगुरते, नणंद फिसफिसते,” तो म्हणाला. “सासूखाली पोकळी आहे, पाणी आत जाऊन घोगरं होतं. नणंद सपाट, तिच्यावरून ते फिसकारत जातं. डाव्या कानात सासू, उजव्या कानात नणंद, आणि दोघींचं भांडण सारखं ऐकू आलं की मधून निघायचं. इंजिन चालू असलं तर कसं ऐकू येणार?”

“आणि मी तुम्हाला कंजूष म्हणत होते.”

“म्हणत होतीस. कान शाबूत आहेत माझे.”

“मला सांगितलं का नाही?”

दिरानं टोपलीच्या कडेवरून बोट फिरवलं. “दर वर्षी रंग झाला की तू इथवर येऊन विचारायचीस, दिसतंय का. दादा गेल्यावर तू दुसरं कुणाला काही विचारलंस का? नाही कसं म्हणू?” मग टोपली तिच्याकडे सरकवली. “नाहीतर मी तरी कशाला जातो? हे बघ मासे. मांजरसुद्धा नाक मुरडतं. मुलगा रोज भांडतो, सून बोलायची थांबलीय. पण होडी वर ओढली असती तर तू म्हणाली असतीस, आता भिंत कुणासाठी.”

काकूनं आपल्या हातांकडे पाहिलं. शिडी सोडून पाच वर्षं झाली तरी एका नखाच्या कोपऱ्यात पिवळं होतं, किंवा तिला तसं वाटलं.

“होडी वर ओढा भावजी,” ती म्हणाली.

“आणि तू?”

“लेकीनं माझ्या खोलीत कांदे ठेवलेत.”

महिन्याभरात घर गेलं. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी घेतलं. त्या आधी येऊन अट ऐकून परत गेलेल्यांपैकीच होत्या. आता त्या स्वतःहून म्हणाल्या, “मी विचार केला काकू. पुन्हा पिवळाच लावीन. शब्द देते.”

“नको,” काकू म्हणाली. “तुमचं घर, तुम्हाला रुचेल तो द्या. फक्त सातव्या पायरीवर जपून. ती बोलते, पण मोडत नाही.”

किल्लीवाल्याच्या जुडग्यात एक किल्ली कमी झाली. जाताना तो बराच वेळ दारात घुटमळला. “रंगाचं मी न विचारता केलं, काकू. चुकलंच.”

“चुकलं,” काकू म्हणाली, आणि त्याच्या हातावर गूळ ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी दीर दारात उभा. “चल. उद्या मुलगा होडी वर ओढणार आहे. आज शेवटची फेरी.”

“मी? मला होडी लागते. लग्नाच्या आठवड्यात बसले होते, तुमच्या दादांच्या सदऱ्यावर सगळं...”

“माहितेय. सदरा मीच धुतला होता. इतकी वर्षं ती भिंत रंगवलीस, एकदा तरी पाण्यावरून बघितलीस का?”

तिनं बघितली नव्हती. हे तिच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

पाणी सपाट होतं, ऊन लख्ख. दीर तिला खडकांच्या पलीकडे घेऊन गेला. काकू दोन्ही हातांनी कड धरून डोळे मिटून बसली होती. मग होडी वळली, इंजिन थांबलं, आणि एकदम सगळीकडे पाण्याचा आवाज झाला.

“आता उघड डोळे. आज तू सांगायचं, मी चालवायचं.”

काकूनं डोळे उघडले. गाव एवढंसं झालं होतं, मुठीत मावेल असं. धुराड्याची काडी. तिच्या पुढ्यात सात घरांची ओळ, एकसारखी पांढरी, धुतलेल्या कपड्यांसारखी उन्हात घातलेली. त्यांतलं आपलं कुठलं ते तिला कळेना. तिनं डावीकडून मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथ्यावर डोळा थांबवला आणि पाणी आलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“दिसतंय का वहिनी?”

डावीकडे सासू घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाली. उजवीकडून नणंदेनं फिसकारून उत्तर दिलं. दोघींचं भांडण अगदी सारखं ऐकू येत होतं.

“दिसतंय भावजी.”

“कसं?”

चौथ्या घराच्या डोक्यावर धुराडं बरोबर येऊन उभं राहिलं.

“पिवळं धम्मक,” ती म्हणाली.

“मग बरोबर आलोय,” तो म्हणाला, आणि त्यानं वल्ही पाण्यात घातली.